इसिडॉर राबी : ज्याच्या युक्तीवर आजचा सिलिकॉन क्युबिट चालतो



जालना जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला रब्बी म्हटलं की ज्वारी, हरभरा आणि दिवाळीनंतरची थंडी आठवते. त्यामुळे क्वांटम कंप्युटिंगचा एक ऑनलाइन कोर्स करताना स्क्रीनवर राबी ऑसिलेशन हा शब्द आला, तेव्हा मला आधी हसूच आलं. प्रयोग साधा होता. सिम्युलेटरमधल्या एका क्युबिटला ठरावीक फ्रिक्वेन्सीचा पल्स द्यायचा, पल्सचा कालावधी थोडा थोडा वाढवायचा आणि क्युबिट ० वरून १ वर जाण्याची शक्यता मोजायची. ग्राफ छान वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. कोर्समधल्या पुढच्या प्रत्येक धड्यात हा ग्राफ कुठे ना कुठे होताच.

मग उत्सुकता वाटली, हा राबी कोण? शोधत गेलो तर एका किराणा दुकानदाराच्या मुलाची गोष्ट सापडली. या माणसाने आयुष्यात कंप्युटर बनवला नाही. पण आज सिलिकॉनच्या चिपमध्ये बसवलेल्या एका अणूच्या गाभ्यावर माहिती लिहायची असेल, तर त्याने १९३८ मध्ये दाखवलेल्या वाटेनेच जावं लागतं. म्हणून आजचा लेख सिलिकॉनमधल्या न्यूक्लिअर स्पिन क्युबिटबद्दल आहे, पण तो राबीच्या आयुष्यातून सांगतो.

दुकानामागच्या खोलीतला मुलगा

इसिडॉर आयझॅक राबीचा जन्म २९ जुलै १८९८ रोजी रिमानुव या गावी झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. घरची परिस्थिती हलाखीची. वडील कामाच्या शोधात आधी अमेरिकेला गेले आणि नंतर बायको आणि तान्ह्या मुलाला बोलावून घेतलं. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, स्थलांतरित ज्यूंच्या दाटीवाटीच्या वस्तीत हे कुटुंब राहिलं. पुढे ते ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिलमध्ये गेले आणि वडिलांनी छोटं किराणा दुकान टाकलं. घरात यिडिश बोलली जायची, देवधर्म कडक होता.

घराजवळ एक वाचनालय होतं. तिथली खगोलशास्त्राची पुस्तकं हाताशी लागली आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला पहिल्यांदा कळलं. चंद्राच्या कला, ऋतू, दिवस-रात्र, सगळ्याचा उलगडा एका चित्रातून होतो याचं त्या पोराला प्रचंड अप्रूप वाटलं. ज्यू मुलांचा तेराव्या वर्षी बार मिट्झ्वा होतो, आपल्याकडच्या मुंजीसारखा. त्यात मुलाने धर्मावर भाषण करायचं असतं. राबीने त्या दिवशी जमलेल्या वडीलधाऱ्यांना विजेचा दिवा कसा पेटतो हे यिडिशमध्ये समजावून सांगितलं!

त्याच्या आईबद्दलची एक आठवण तो म्हातारपणीही सांगायचा. बाकीच्या आया शाळेतून आलेल्या मुलाला आज काय शिकलास असं विचारत. त्याची आई मात्र आज एखादा चांगला प्रश्न विचारलास का, हे विचारायची.

वाया गेलेली तीन वर्षं

१९१६ मध्ये राबी कॉर्नेल विद्यापीठात गेला, तोही इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला. थोड्याच दिवसांत शाखा बदलून केमिस्ट्री घेतली आणि १९१९ मध्ये पदवी मिळवली. आणि पुढे? पुढे काहीच नाही. ज्यू तरुणांना त्या काळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि केमिकल कंपन्यांत सहजासहजी दार उघडत नसे. थोडे दिवस एका प्रयोगशाळेत काम केलं, थोडे दिवस हिशेब लिहिले. अशी तीन वर्षं गेली.

हा भाग वाचताना मी जरा थांबलो. इंजिनिअरिंग झाल्यावर माझंही जवळजवळ एक वर्ष घरी गेलं होतं. त्या काळात पाहुण्यांच्या प्रश्नांपेक्षा आपल्याला नक्की काय आवडतं हे माहीत नसणं जास्त टोचतं. राबीचंही तेच झालेलं दिसतं. १९२२ मध्ये तो पुन्हा कॉर्नेलला गेला, केमिस्ट्रीचा पुढचा अभ्यास करायला. तिथे त्याच्या लक्षात आलं की केमिस्ट्रीचा जो भाग आपल्याला मनापासून आवडतो, त्याला फिजिक्स म्हणतात! तेव्हा वय होतं चोवीस.

कॉर्नेलला फेलोशिप मिळाली नाही. तिथेच भेटलेली हेलन न्यूमार्क न्यूयॉर्कला शिकत होती. मग १९२३ मध्ये राबी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आला आणि पोटापाण्यासाठी सिटी कॉलेजमध्ये शिकवू लागला.

त्याचा पीएचडीचा विषय होता काही क्षारांचे स्फटिक चुंबकीय क्षेत्राला कसा प्रतिसाद देतात ते मोजणं. रूढ पद्धत फार किचकट होती. स्फटिक अचूक कापायचा, घासायचा, मग क्षेत्र मोजत बसायचं. राबी मुळात अंगमेहनतीचा कंटाळा असणारा माणूस. त्याने मॅक्सवेलचा जुना ग्रंथ वाचून वेगळीच शक्कल काढली. स्फटिक एका द्रावणात टांगायचा आणि द्रावणातल्या क्षाराचं प्रमाण बदलत राहायचं. ज्या क्षणी द्रावण आणि स्फटिक यांचे चुंबकीय गुण सारखे होतात, त्या क्षणी स्फटिक जणू तिथे नाहीच असा वागतो. आता फक्त द्रावण मोजलं की काम झालं. स्फटिकाला हात न लावता उत्तर मिळालं.

राबीची काम करण्याची हीच रीत पुढे आयुष्यभर टिकली. मोजायच्या वस्तूशी झटापट करायची नाही. ती स्वतःहून उत्तर देईल अशी परिस्थिती तयार करायची. १९२६ च्या त्याच उन्हाळ्यात प्रबंध पूर्ण झाला आणि हेलनशी लग्नही झालं.

स्पिन म्हणजे नक्की काय?

१९२७ मध्ये राबी युरोपला गेला. क्वांटम मेकॅनिक्सचा जन्म तिथे नुकताच झाला होता आणि अमेरिकेत ते शिकवणारे फारसे कुणी नव्हते. म्युनिकमध्ये सोमरफेल्ड, कोपनहेगनमध्ये बोर, लाइपझिगमध्ये हायझेनबर्ग, झुरिकमध्ये पाउली अशी दोन वर्षं भ्रमंती झाली. पण आयुष्याला दिशा मिळाली ती हॅम्बुर्गला, ओटो स्टर्नच्या प्रयोगशाळेत.

स्टर्न आणि गेरलाख यांनी १९२२ मध्ये एक विलक्षण प्रयोग केला होता. चांदी तापवून तिच्या अणूंचा बारीक झोत काढला आणि तो असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला. अणू म्हणजे छोटे चुंबक असतील, तर ते हव्या त्या दिशेला वळलेले असणार आणि पडद्यावर एक पसरट डाग दिसणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात झोताचे दोन भाग झाले. अणूतला चुंबक एक तर वर असतो किंवा खाली. मधलं काही मोजमापात येत नाही.

या गुणाला स्पिन म्हणतात. नाव गिरकीचं असलं तरी आत खरोखर कुणी गरगर फिरत नसतं. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो आणि अणूच्या गाभ्यालाही, म्हणजे न्यूक्लिअसलाही, अनेकदा असतो. वर आणि खाली अशा दोनच अवस्था म्हटल्यावर आपल्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला लगेच १ आणि ० आठवतात. क्युबिटची कल्पना इथेच दडलेली होती. फक्त तेव्हा तो शब्द नव्हता.

धक्का ताकदीचा नको, तालाचा हवा

१९२९ मध्ये राबी अमेरिकेत परतला. हायझेनबर्गने शिफारस केल्यामुळे कोलंबियाने त्याला फिजिक्स विभागात घेतलं. त्या विभागातला तो पहिला ज्यू अध्यापक. आता त्याला न्यूक्लिअसचा चुंबक मोजायचा होता. हे काम अवघड का, ते बघा. न्यूक्लिअसचा चुंबक इलेक्ट्रॉनच्या चुंबकापेक्षा सुमारे हजारपट दुबळा असतो. ढोल वाजत असताना शेजारच्याचं पुटपुटणं ऐकायचं, असा प्रकार.

सुरुवातीला पैसा नव्हता, यंत्रं नव्हती. विभागातला सहकारी हॅरल्ड युरे याला संशोधनासाठी मोठी रक्कम मिळाली होती, तिच्यातली निम्मी त्याने राबीला देऊन टाकली. त्या पैशावर झोताची उपकरणं उभी राहिली आणि सोडियमसारख्या अणूंच्या गाभ्यांचे स्पिन एकेक करून मोजले जाऊ लागले. तरी अचूकता मनासारखी मिळत नव्हती.

इथे भोवरा आठवा. भोवरा फिरता फिरता किंचित कलला की त्याचा आस सावकाश गोल डुलतो. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला न्यूक्लिअसचा स्पिनही तसाच डुलतो आणि या डुलण्याची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते. क्षेत्र दुप्पट केलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट. प्रत्येक प्रकारच्या न्यूक्लिअसचं गणित वेगळं. म्हणजे ही फ्रिक्वेन्सी हाच त्या न्यूक्लिअसचा ओळखीचा क्रमांक समजा.

आता नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याला कितीही जोरात पण वेळी-अवेळी ढकला, तो उंच जात नाही. पण त्याच्या तालात प्रत्येक फेरीला बोटभर धक्का द्या, थोड्या वेळात तो आंब्याच्या फांदीला भिडतो. यालाच रेझोनन्स म्हणायचं.

फिरत्या चुंबकीय क्षेत्रात स्पिन कसा उलटेल याचं गणित राबीने १९३७ मध्ये मांडलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोर्टर नावाचा डच शास्त्रज्ञ भेटायला आला. त्याने घन पदार्थात असा रेझोनन्स शोधण्याचा प्रयत्न करून पाहिला होता आणि त्याला अपयश आलं होतं. त्या भेटीनंतर राबीचा गट झपाटून कामाला लागला. त्यांनी लिथियम क्लोराइडच्या रेणूंचा झोत निर्वात नळीतून सोडला. वाटेत तीन चुंबक ठेवले. पहिला झोत वाकवतो, तिसरा तेवढाच उलटा वाकवून पुन्हा डिटेक्टरवर आणतो आणि मधला स्थिर क्षेत्र देतो. मधल्या भागात एका तारेतून काही मेगाहर्ट्झचा रेडिओ प्रवाह सोडला. मग मधल्या चुंबकाचं क्षेत्र हळूहळू बदलत गेले.

आधी काहीच झालं नाही, डिटेक्टरवरचा आकडा स्थिर राहिला. मग एका विशिष्ट ठिकाणी तो एकदम कोसळला आणि पुढे गेल्यावर पुन्हा वर आला. त्या एका जागी रेडिओचा ताल आणि लिथियमच्या गाभ्याचा ताल जुळला होता. गाभे उलटले, झोत भरकटला आणि डिटेक्टर रिकामा राहिला. १९३८ च्या सुरुवातीला हा निकाल प्रसिद्ध झाला. राबीसोबत झॅकरायस, मिलमन आणि कुश यांची नावं होती.

जालन्याच्या एमआयडीसीत इंडक्शन भट्ट्या आहेत. तिथेही कॉइलमधून बदलता प्रवाह सोडतात आणि टनावारी लोखंड वितळवतात. राबीच्या तारेतही बदलता प्रवाहच होता. पण भट्टीत ताकद कामाला येते आणि राबीच्या नळीत ताल. ताल जुळवला की अणूच्या आतला, ज्याला कुणी कधी हात लावू शकलं नव्हतं तो गाभा आज्ञाधारकपणे उलटतो.

आणि इथून थेट माझ्या कोर्समधल्या ग्राफवर येता येतं. ताल जुळलेला पल्स ठरावीक वेळ दिला की स्पिन खालून पूर्ण वर जातो. तोच पल्स आणखी तेवढाच वेळ चालू ठेवला की तो पुन्हा खाली येतो. ही ये-जा म्हणजे राबी ऑसिलेशन. पल्स बरोबर अर्ध्यात तोडला तर? मग स्पिन ० आणि १ यांच्या समसमान मिश्रणात, म्हणजे सुपरपोझिशनमध्ये राहतो. क्युबिट नियंत्रित करणं म्हणजे मुख्यतः हेच. योग्य फ्रिक्वेन्सी, योग्य वेळ.

गाभा फोडणारे आणि गाभा ऐकणारे

या कामासाठी राबीला १९४४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तोवर जग बदललं होतं. १९४० पासून तो एमआयटीच्या रॅडिएशन लॅबमध्ये रडारवर काम करत होता. ओपेनहायमरने त्याला लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पात उपसंचालक व्हायला बोलावलं. राबीने पद नाकारलं, सल्लागार म्हणून मात्र येत-जात राहिला. १६ जुलै १९४५ च्या पहिल्या अणुचाचणीला तो हजर होता. स्फोट किती मोठा होईल यावर शास्त्रज्ञांनी पैज लावली होती. राबी उशिरा पोचला, १८ किलोटन हाच आकडा शिल्लक होता, तो त्याने घेतला आणि पैज जिंकला.

विरोधाभास बघा. ज्याने न्यूक्लिअसला न दुखावता त्याच्याशी बोलण्याची पद्धत शोधली, त्याच्याच डोळ्यांसमोर न्यूक्लिअस फोडून केलेला स्फोट झाला. हे ओझं त्याने हलकं करून घेतलं नाही. १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्बचा प्रश्न आला, तेव्हा सरकारच्या सल्लागार समितीत राबी आणि एन्रिको फर्मी यांनी मिळून वेगळी टिपणी जोडली आणि असं शस्त्र नीतीच्या दृष्टीने अक्षम्य ठरेल असं बजावलं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९५४ मध्ये ओपेनहायमरच्या निष्ठेवर चौकशी बसली, तेव्हा करिअर सांभाळून गप्प बसणारे पुष्कळ होते. राबी साक्षीला उभा राहिला, ओपेनहायमरच्या बाजूने.

अणुज्ञान बंद दाराआड राहू नये, यासाठीही त्याने धडपड केली. युरोपातल्या देशांनी एकत्र प्रयोगशाळा काढावी हा ठराव त्याने १९५० मध्ये युनेस्कोच्या बैठकीत मांडला. त्यातून सर्न उभी राहिली. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापरावर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यामागेही राबीचा मोठा हात होता. त्या परिषदेचे अध्यक्ष कोण होते माहितीये? आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा.

जिनिव्हाहून मुंबईला

आता राबीच्या पद्धतीचं पुढे काय झालं ते पाहू. त्याला झोत लागत होता, निर्वात नळी लागत होती. युद्ध संपताच फेलिक्स ब्लोख आणि एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून हाच रेझोनन्स साध्या पाण्यात आणि मेणात दाखवला. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. ही पद्धत म्हणजे एनएमआर, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स.

स्टॅनफर्डला ब्लोखच्या प्रयोगशाळेत एक भारतीय शास्त्रज्ञ होते, एस. एस. धर्मट्टी. १९५१ मध्ये आर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की अल्कोहोलमधले हायड्रोजनचे गाभे एका तालात डुलत नाहीत. रेणूत कोण कुठे बसलंय यावर त्यांचा ताल किंचित बदलतो, आणि म्हणून एकाऐवजी तीन खुणा दिसतात. रसायनशास्त्रज्ञांना रेणूची रचना वाचायला यामुळे जणू डोळाच मिळाला. हेच धर्मट्टी पुढे भाभांच्या टीआयएफआरमध्ये आले. ही संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे १९५० च्या दशकात त्यांनी एनएमआरचं काम सुरू केलं, विद्यार्थी घडवले. कुलाब्यात आज एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे, तिची मुळं तिथे आहेत.

आपल्या रोजच्या जगातही ही पद्धत ठिकठिकाणी आहे. एमआरआय म्हणजे शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन गाभ्यांशी केलेलं हेच संभाषण. आपलं जालना बियाण्यांसाठी ओळखलं जातं. सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या बियांमध्ये तेल किती, हे बी न फोडता मोजायला एनएमआर वापरतात. ज्या बीचं मोजमाप झालं, तेच पेरता येतं. अणूच्या तालावर घड्याळ बनवता येईल ही कल्पनाही राबीने १९४५ मध्ये मांडली. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सिझियमच्या अणूच्या ९,१९२,६३१,७७० कंपनांवर ठरली आहे. तुमच्या मोबाइलचं जीपीएस अशाच घड्याळांच्या जोरावर चालतं.

सिलिकॉनमधली आजी आणि नातू

आता मूळ मुद्दा. १९९८ मध्ये, म्हणजे राबीच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी, सिडनीत काम करणाऱ्या ब्रूस केन याने एक कल्पना मांडली. कंप्युटर चिप बनते त्याच सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचे सुटे अणू बसवायचे आणि प्रत्येक फॉस्फरसच्या गाभ्याचा स्पिन क्युबिट म्हणून वापरायचा.

फॉस्फरसच का? निसर्गात सापडणारा सगळा फॉस्फरस एकाच प्रकारचा आहे, फॉस्फरस-३१. आपण डीएपीच्या गोणीतून शेतात टाकतो तोच. त्याच्या गाभ्याला स्पिनच्या दोनच अवस्था असतात, म्हणजे तयार क्युबिट. आणि सिलिकॉन का? नैसर्गिक सिलिकॉनमधल्या सुमारे ९५ टक्के अणूंच्या गाभ्याला स्पिनच नसतो. उरलेले ४.७ टक्के सिलिकॉन-२९ चे अणू तेवढे गडबड करतात. ते गाळून शुद्ध सिलिकॉन-२८ घेतलं की फॉस्फरसभोवती जवळपास पूर्ण शांतता.

या शांततेमुळे काय मिळतं? २०१३ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात अँड्रिया मोरेलो यांच्या गटाने सिलिकॉनमधल्या एकाच फॉस्फरस गाभ्याला क्युबिट म्हणून चालवून दाखवलं. पुढच्याच वर्षी त्या गाभ्याने क्वांटम अवस्था ३० सेकंदांहून जास्त टिकवली. बऱ्याच प्रकारच्या क्युबिटमध्ये ती सेकंदाच्या छोट्याशा भागात विरून जाते, तेव्हा हे किती मोठं आहे ते लक्षात येईल.

पण आता अडचण ऐका. जो बाहेरचा गोंधळ ऐकत नाही, तो आपलंही सहजी ऐकत नाही! आणि एका क्युबिटने कंप्युटर होत नाही. दोन क्युबिट एकमेकांशी जोडले जायला हवेत, एकाच्या अवस्थेनुसार दुसऱ्याची बदलायला हवी.

जुन्या वाड्यातली माजघरात बसलेली आजी डोळ्यांसमोर आणा. तिला सगळं पक्कं लक्षात असतं, पण ती उंबरा ओलांडत नाही. ओसरीवर बागडणारा नातू मात्र आत-बाहेर करतो, निरोप नेतो आणि आणतो. फॉस्फरसचा गाभा म्हणजे ही आजी आणि त्याच्याभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन म्हणजे नातू. माहिती गाभ्यात सांभाळायची आणि निरोपाचं काम इलेक्ट्रॉनकडून करून घ्यायचं. दोघांशी बोलायची भाषा राबीचीच, फक्त ताल वेगळे. गाभ्यासाठी दहा-वीस मेगाहर्ट्झच्या पटीतला रेडिओ, तर इलेक्ट्रॉनसाठी दहा-वीस गिगाहर्ट्झच्या पटीतला मायक्रोवेव्ह.

२०२२ मध्ये याच गटाने एकाच इलेक्ट्रॉनभोवती दोन फॉस्फरस गाभे जोडून दाखवले. एक नातू, दोन आज्या! या दोन क्युबिटमधलं गेट ९९.३७ टक्के अचूक निघालं. पण एका इलेक्ट्रॉनला किती गाभे सांभाळता येणार? म्हणून २०२५ मध्ये पुढची पायरी आली. दोन गाभे साधारण २० नॅनोमीटर अंतरावर, प्रत्येकाचा स्वतंत्र इलेक्ट्रॉन. आज्या आपापल्या घरात, नातू बोळात एकमेकांना भेटतात आणि त्यातून आज्यांच्या गोष्टी जुळतात. २० नॅनोमीटर हे अंतर महत्त्वाचं, कारण आजच्या चिपमधले ट्रान्झिस्टर साधारण त्याच मापाचे असतात. म्हणजे चिप उद्योगाची तंत्रं इथे कामी येऊ शकतात.

मधे एक गमतीशीर अपघातही झाला. याच प्रयोगशाळेत अँटिमनीच्या गाभ्यावर काम चालू असताना चुंबकीय क्षेत्र देणारी अँटेना खराब झाली. तरी गाभा प्रतिसाद देतच होता! शोध घेतल्यावर कळलं की बिघडलेली अँटेना विद्युत क्षेत्र देत होती आणि गाभा त्याच्या तालावर उलटत होता. १९६१ मध्ये सुचवलेली ही शक्यता २०२० मध्ये अशी अचानक हाती आली. फायदा असा की चुंबकीय क्षेत्र शेजाऱ्यांपर्यंत पसरतं, विद्युत क्षेत्र मात्र छोट्या इलेक्ट्रोडने नेमक्या जागी देता येतं. हजारो क्युबिट दाटीने बसवायचे असतील तर हे फार उपयोगी ठरू शकतं.

यातून उद्याच कंप्युटर तयार होईल असं समजू नका. हे प्रयोग निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानात चालतात, अणू नेमक्या जागी बसवणं कठीण आहे आणि उपयोगी यंत्राला लाखो क्युबिट लागतील असा अंदाज आहे. आपल्याकडे कुलाब्यात टीआयएफआर, पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी २०२४ मध्ये ६ क्युबिटचा प्रोसेसर तपासून दाखवला. तो सिलिकॉनमधल्या गाभ्यांवर नाही, सुपरकंडक्टिंग सर्किटवर चालतो. पण असा क्युबिट हाती आला की तिथेही आधी राबी ऑसिलेशनचाच ग्राफ काढतात.

शेवटचा प्रयोग

राबी ११ जानेवारी १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला. त्याआधी आजारपणात डॉक्टरांनी त्याला एमआरआय मशीनमध्ये झोपवलं होतं. आतल्या चकचकीत पृष्ठभागावर त्याला स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गाभ्यांना त्याने पहिल्यांदा ताल धरायला लावलं, तेच गाभे आता त्याच्याच शरीरातून डॉक्टरांना उत्तर देत होते. आपलं काम इथवर पोचेल असं वाटलं नव्हतं, हे त्याने नंतर बोलूनही दाखवलं.

१९३८ मध्ये त्याला कुणी विचारलं असतं की लिथियमचा गाभा उलटवून फायदा काय, तर त्याच्याकडे एमआरआय, जीपीएस किंवा क्वांटम कंप्युटर यांपैकी एकही उत्तर नव्हतं. त्याच्याकडे फक्त चांगला प्रश्न होता, आई रोज विचारायची तसा. आणि तो प्रश्न सापडायच्या आधीची तीन रिकामी वर्षंही होती. पदवी हातात असून पुढे काय करायचं हे न कळल्याने घरी बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर राबीची ती तीन वर्षं लक्षात ठेवा. ती कुठल्याही ग्राफवर दिसत नाहीत, पण ग्राफ काढणारा माणूस त्यांतूनच आला होता.